रस्ता बंद असतानाचा भाव

त्या शेताला मी हसलो होतो, हे आधीच लिहून ठेवतो.
खाबुऱ्याच्या अलीकडे, पेट्रोलपंपाच्या मागं
चाळीसेक खजूर, सावलीत लसूणघास,
कडेला चार वाफे भाजीचे
आणि एक विहीर, दर साल थोडी अधिक खारट.
खल्फान टोपल्या घेऊन कॅम्पच्या दाराशी यायचा.
मी म्हणायचो, मातीसकट तोलतोस, पावती देत नाहीस,
माझ्याकडे दोनशे बारा माणसं जेवतात.

मी बाणकोटचा शमशुद्दीन परकार,
स्टोअरकीपर, एकोणीस वर्षं.
सोमवारी आणि गुरुवारी मस्कतहून ट्रक:
कांदा आपल्याकडचा, टोमॅटो जॉर्डनचा,
सफरचंदावर स्टिकर,
पासपोर्टवरच्या शिक्क्यासारखा.
इथलं असं गोदामात काहीच नव्हतं,
पाणी सोडलं तर. तेही समुद्राचं, गोडं केलेलं.

मग वादळ झालं.
वादळानं पत्रे नेले, बाकीचं वादीनं केलं.
वर्षभर कोरडी पडलेली, शेळ्या चरायची जागा,
एका रात्रीत डोंगरावरून उतरली
आणि रस्ता दोन ठिकाणी खाऊन गेली.
ट्रकवाल्याचा फोन: भाई, मी बरक्यात अडकलोय.
मग फोनही गेला.
फ्रीजरमधली कोंबडी दुसऱ्या दिवशी पुरली आम्ही.
तांदूळ वरच्या फळीवर होता, तेवढा वाचला.

तिसऱ्या दिवशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
गेलो शेतावर.
दोन वाफे गाळाखाली. दोन उभे.
नोआखालीचा मोफिजुल रात्रभर चर खणत होता म्हणे.
आमच्याकडे पाणी आलं, म्हणाला,
की आधी बियाणं उचलतात, मग गादी.

दाराशी आधीच माणसं:
दवाखान्याची नर्स, जाळी वाहून गेलेले दोन कोळी,
मशिदीमागची म्हातारी, तिचा नातू.
खल्फानची भावजय झुवैना उलट्या बादलीवर बसलेली,
पदरात खजुराच्या बिया, घरामागं एक.
मी म्हटलं, सगळं घेतो. दुप्पट भाव. रोख.
तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.
पाण्याची पाळी असते, म्हणाली, पाणी विकत घेणारा नसतो.
आणि एक बी माझ्या नावाची बाजूला सरकवली.

अकरा जुड्या. एक पेटी वांगी.
दोनशे बारा माणसांत अकरा जुड्या!
मी तिथंच उभा राहिलो, हिशेब जमेना.
तेव्हा ती म्हणाली, तुझ्याकडे तांदूळ आहे ना?
आणि ती मोठी पातेली?

त्या संध्याकाळी कॅम्पच्या चुलीवर गाव जेवलं.
कोळ्यांनी सुकी तारली आणली,
म्हातारीनं एक लिंबू, एकच, पण आणलं.
मोफिजुल म्हणाला, लाल शाक.
मी म्हटलं, तांबडा माठ.
भात दोघांचाही गुलाबी झाला.

सहाव्या दिवशी ट्रक आला.
पुढच्या महिन्यात मस्कतहून कुरियाकोस, हिशेबनीस:
ट्रकची जुडी एकशेवीस बैशांत पडते,
ही दोनशेची कशाला?
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं,
रस्ता बंद असतानाचा भाव.
त्यानं खोडलं.
मी पुढच्या पानावर पुन्हा लिहिलं.
आता तो खोडत नाही. सहीही करत नाही.

बुधवारी सालं, देठ, उरलेली डाळ
पिंपात भरून शेतावर जातात.
वाफे सात झालेत.
विहिरीचं मात्र तसंच.
काल झुवैनानं पाणी जिभेवर घेतलं, थुंकली,
म्हणाली, वांगी नकोत यंदा, बीट लावू,
बिटाला खारट चालतं.
तुझ्या माणसांना चालतं का, विचारून ये.

विचारलं.
दोनशे बारांपैकी एकशे चाळीस म्हणाले, नको.
लावलंय तरी.